आधी फोम ओळखा, मग कटर उचला

दापोलीकडच्या एका दादांनी विचारलंय. नववीतल्या मुलाबरोबर ८० सेंटीमीटर पंखांचं विमान बनवतायत. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल कटरने कापला तर दाणे उखडतात, गरम तारेने कापला तर पंख लाटालाटांचा येतो. मग सनबोर्ड आणला, तो कटरने कापून हात भरून आले म्हणून त्यालाही तार लावली तर काळपट धूर आणि नाकात झोंबणारा वास. आता तार कमी तापते असं वाटून ती सरळ घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडायचा विचार आहे. शिवाय ऐलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे वरखाली हलणारे तुकडे, केव्हा कापायचे हेही विचारलंय.

दादा, बॅटरीचं तेवढं आधी थांबवा, बाकी सगळं सावकाश बोलू. इन्व्हर्टरची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते, तिला कुठे थांबायचं ते कळत नाही, तुमची तार तुटून लोंबली आणि दुसऱ्या टोकाला टेकली की वायरचं इन्सुलेशन पेटतं. त्यात चार्जिंगला असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे टर्मिनलवर ठिणगी पाडणं म्हणजे नसता उद्योग. पावसाळ्यात लाईट जाते म्हणून कोणाला बॅटरीच वापरायची असेल तर प्लसच्या टर्मिनललगत गाडीचा साडेसात अँपिअरचा फ्यूज टाकून, बॅटरी इन्व्हर्टरपासून सोडवून, मोकळ्या हवेत. पण त्यापेक्षा सीसीटीव्हीचं १२ व्होल्ट ५ अँपिअरचं चांगलं अडॅप्टर घ्या, तेवढं पुरतं. आणि घरातल्या पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर लावून तार थेट मेनवर चालवायचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरा. डिमरने तार कमी तापते, पण तारेला हात लागला तर करंट घरचाच बसतो.

आता मूळ अडचण. तुम्हाला वाटतंय कटर बरोबर नाही किंवा तार बरोबर नाही. मला वाचून वाटलं की तुम्ही वेगवेगळ्या वस्तूंना एकच औषध देताय. बाजारात सगळ्यालाच फोम म्हणतात, पण कापताना प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मी रत्नागिरीत पूर्वी गणपतीची मखरं करायचो, मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तसं ते काम संपलं, पण तार आणि हाताची सवय राहिली ती आता पोरांच्या विमानांना उपयोगी पडते. तेव्हापासून कोणी पोरगं शीट घेऊन आलं की मी आधी ते हातात घेऊन बघतो, कटर नंतर.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे फुगवलेले दाणे एकमेकांना चिकटवलेले. म्हणून पातं बोथट असलं की दाणा कापला जात नाही, अख्खा उपटला जातो. डेप्रॉनच्या पातळ शीट आणि निळ्या-गुलाबी रंगाचे इन्सुलेशनचे बोर्ड हेही पॉलिस्टायरीनच, पण दाणे नाहीत, सलग बारीक छिद्रांचा माल, त्यामुळे पात्याने लोण्यासारखे कापले जातात. पॅकिंगमधला लवचिक पांढरा फोम, जो दाबला की परत वर येतो, तो वेगळाच, त्याचे पंख लुळे पडतात. ओळखायचं कसं? कोपऱ्यावर नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब टाका, अ‍ॅसिटोनवाला. पॉलिस्टायरीन असेल तर खड्डा पडेल, लवचिक पॅकिंग फोमला काही होणार नाही.

आणि सनबोर्ड. इथे दुकानदार दोन वेगळ्या गोष्टींना सनबोर्डच म्हणतात. एक म्हणजे दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये पॉलिस्टायरीनचा हलका फोम, तो विमानाला चालतो. दुसरा आरपार प्लास्टिकसारखा गुळगुळीत, जाहिरातीच्या बोर्डांना वापरतात, तो पीव्हीसीचा. तुमच्याकडे बहुतेक दुसरा आहे, कारण हात भरून आले आणि धूर झोंबला. पीव्हीसी तापला की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, ओल्या नाकाडोळ्यांवर त्याचं अ‍ॅसिडच होतं, म्हणून झोंबलं. त्याला गरम तार कधीच लावायची नाही, पंखा लावून नाही, अंगणात नाही, अजिबातच नाही. तोच नियम पिवळट पीयू (पॉलियुरेथेन) फोमलाही, म्हणजे जुन्या फ्रिजच्या भिंतीत असतो तो, जळताना त्याचे वायू आणखी वाईट. तसाही पीव्हीसी बोर्ड उडवायला कामाचा नाही. हिशोब करून बघा, ८० बाय १८ सेंटीमीटरचा तीन मिलिमीटरचा तुकडा पीव्हीसीचा असेल तर दोनशे ग्रॅमच्या वर जातो, तेवढाच डेप्रॉनचा वीस ग्रॅमच्या आत. त्या बोर्डावर मुलाला नावाची पाटी करून द्या.

थर्माकोल आता मिळायचा कुठे तर तुम्ही केलंत तेच बरोबर, फ्रिज-टीव्हीचं पॅकिंग. मासळीच्या पेट्या बंदरावर पडलेल्या असतात पण त्यांचा वास जात नाही आणि मार खाऊन दाणे ढिले झालेले असतात, मी घेत नाही.

आता पात्याने कापायचं. ९ मिलिमीटरचं तुकडे मोडायचं कटर घ्या आणि त्यात तीस अंशांचं टोकदार पातं मिळालं तर तेच, साध्या पात्यापेक्षा ते फोमात पातळ शिरतं. मोठं १८ मिलिमीटरचं कटर जाड ठोकळ्यांना. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची, ती व्हिडिओत कोणी सांगत नाही. आपल्या खाऱ्या हवेत पातं वापरलं नाही तरी गंजतं. धारेवर नुसती तांबूस छटा आली तरी ती करवतीसारखी दाणे ओढते. पुडकं उघडलं की पाती झाकणाच्या डबीत, सिलिका जेलची पुडी घालून, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवून ठेवा. वापरण्याआधी तेल कागदाने पुसायचंच, नाहीतर फोमाला तेल लागलं तिथे गोंद धरत नाही. आणि पात्याचा तुकडा मोडायला कंजुषी करू नका. एका पंखाला मी दोनतीनदा तरी टोक मोडतो. पक्कडीने मोडायचं, चष्मा लावून, आणि मोडलेला तुकडा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, केराच्या पिशवीत नाही, केर भरणाऱ्या माणसाचा हात चिरतो.

हात कसा चालवायचा ते महत्त्वाचं. ताजा पाव सुरी दाबून कापला की चपटा होतो तसंच हे, दाबायचं नाही, ओढायचं. पातं लांब बाहेर काढून जवळजवळ आडवं धरायचं, म्हणजे टोक नाही तर धारेची लांबी कापते. पहिल्या ओढीत जोर शून्य, नुसती रेघ. दुसरी त्याच रेघेत, तिसरीत पाच मिलिमीटरची शीट आरपार जाते. पहिल्याच फटक्यात आरपार करायला गेलात की पातं वाकतं, वरची रेघ सरळ आणि खालची वाकडी येते, मग लोक पट्टीला दोष देतात. कागदवाल्या फोमला पहिली ओढ फक्त कागदासाठी. पावसाळ्यात तो कागद ओल धरतो आणि पात्याबरोबर सोलून येतो, त्यामुळे असली शीट जून ते सप्टेंबर भिंतीला उभी ठेवू नका, गादीखाली आडवी ठेवा, नाहीतर कापायच्या आधीच तिला बाक येतो आणि तो बाक पंखात कायमचा राहतो.

खाली काय ठेवायचं? काच किंवा लादी नको, धार पहिल्या ओढीत मरते. कटिंग मॅट असेल तर उत्तम, नसेल तर फोमाचाच टाकाऊ तुकडा. खोक्याचा पुठ्ठा चालतो असं वाटतं पण त्याच्या नळ्या पात्याला आपल्या दिशेने खेचतात. पट्टी स्टीलची, आणि पट्टी धरलेल्या हाताची बोटं पात्याच्या वाटेपासून मागे. हेच सगळ्यात जास्त चुकतं, पट्टीच्या कडेबाहेर अंगठ्याचं टोक आलेलं असतं आणि लक्ष रेघेवर. पट्टी धरणाऱ्या हातात कट-रेझिस्टंट मोजा घाला, मुलाच्या हातात तर नक्कीच.

डेप्रॉन मिळालं तर कापायच्या आधी शीट दोन्ही दिशांनी हलकी वाकवून बघा. एका दिशेला ती सहज वाकते, दुसऱ्या दिशेला ताठ राहते. पंखाची लांबी ताठ दिशेला ठेवायची. ही गोष्ट कापून झाल्यावर कळली तर उपयोग नाही.

आता गरम तार, कारण तुमचा खरा जीव तिथे अडकलाय. तार कमी तापते म्हणताय, पण किती लांब, किती जाड ते लिहिलं नाहीत, म्हणून मी माझा हिशोब सांगतो, तुम्ही तुमचा लावा. ८० सेंटीमीटरचा पंख म्हणजे दोन अर्धे ४० चे, त्याला ५० सेंटीमीटर तारेचं धनुष्य. २६ गेजची नायक्रोम (निकेल-क्रोमियमची) तार साधारण ०.४५ मिलिमीटर जाड, मीटरला साडेसहा ओहमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मीटरला सव्वातीन. १२ व्होल्टवर सुमारे पावणेचार अँपिअर, चव्वेचाळीस वॉट. थर्माकोलला सावकाश कापायला पुरतं आणि पाच अँपिअरच्या अडॅप्टरला झेपतंही. गंमत अशी की त्याच १२ व्होल्टवर तार निम्मी केलीत की करंट दुप्पट होतो आणि दर सेंटीमीटरला उष्णता चौपट, तार लाल होते, अडॅप्टर बंद पडतो. म्हणून कोणाची तार 'तापतच नाही' आणि कोणाची जळून तुटते, दोघांकडे अडॅप्टर तोच असतो, फरक लांबीचा. मध्ये डीसी मोटरचा स्पीड कंट्रोलर टाकलात तर उष्णता हाताने कमी-जास्त करता येते, तो खर्च करण्यासारखा आहे.

शेगडीची कॉइल सरळ करून वापरतात लोक. चालते, पण जाडी नक्की माहीत नसते आणि कितीही ओढली तरी तिच्यात बारीक कुरळेपणा राहतो, तो सगळा पंखावर उमटतो.

उष्णता बरोबर आहे की नाही ते डोळ्यांनी कळतं. तार कधीही लाल दिसता कामा नये. धूर दिसला की जास्त तापलीय, पॉलिस्टायरीन नुसतं वितळायला हवं, त्याचं विघटन व्हायला लागलं की स्टायरीनचा गोडसर उग्र वास येतो, तो छातीत घ्यायचा नाही. बरोबर तापलेली तार फोमातून बाहेर पडताना तिच्यामागे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक केस ओढले जातात. केस नाहीत आणि कापलेली बाजू काचेसारखी चकचकीत किंवा खड्ड्याखड्ड्यांची आली तर उष्णता उतरवा. तार वाकून मागे राहत असेल तर उष्णता थोडी वाढवा किंवा, बहुतेक वेळा हेच खरं असतं, हात हळू करा. सेकंदाला तीनचार मिलिमीटर हा वेग धरा, पंखाची एक बाजू कापायला मिनिटभर जातो, तेवढा धीर लागतो.

लाटांचं निदान लाटांच्या दिशेवरून करा. लाटा पंखाच्या लांबीला समांतर असतील, म्हणजे मुळाकडून टोकाकडे जाणाऱ्या, तर तुमचा हात मध्येमध्ये थांबला. तार लांबीच्या दिशेतच असते, जिथे थांबली तिथे तिने चर वितळवला. रेघा पुढून मागे जाणाऱ्या असतील तर तारेत कुठेतरी मुरड आहे, तार बदला. टोकं नीट आणि मधला भाग जाड किंवा नाकाजवळ, म्हणजे पुढच्या कडेला, चपटा असेल तर मधली तार मागे राहत होती, म्हणजे घाई. आणि सगळीकडे कसंतरीच असेल तर ताण सैल आहे. नायक्रोम तापली की लांबते, अर्ध्या मीटरला दीडदोन मिलिमीटर, गार असताना ताठ वाटलेली तार कापताना लोंबते. म्हणून धनुष्य लवचिक हवं, बांबूची कांब चांगली, किंवा एका टोकाला स्प्रिंग. गरम असतानाच बोटाने नाही, लाकडाच्या काडीने छेडून बघा, टणक आवाज आला पाहिजे.

आणखी एक कारण आपल्याकडचं, वारा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पडवीत बसून कापणाऱ्याची तार एका बाजूने गार होते आणि लाटा येतात. पण खिडक्या बंद करून कापणं त्याहून वाईट. मी सकाळी वारा पडलेला असताना कापतो, दारं-खिडक्या उघड्या, आणि टेबल फॅन लांब खिडकीपाशी बाहेर तोंड करून, म्हणजे हवा खोलीतून ओढली जाते पण झोत तारेवर येत नाही. जवळ गॅस, समई, उदबत्ती काही नको. थर्माकोल पेटला की थेंब थेंब जळत गळतो.

टेम्प्लेटशिवाय मोकळ्या हाताने पंख कापू नका, माझ्याच्यानेही होत नाही. सुताराकडे सनमायकाचे तुकडे फुकट मिळतात, त्यातून पंख बाजूने बघितला की दिसतो त्या आकाराच्या दोन पट्ट्या कापा आणि कडा पॉलिश पेपरने इतक्या घासा की नख फिरवलं तरी अडकू नये. पत्र्याच्या करू नका, पत्रा टेकला तिथली तार गार पडते. दोन्हीवर सारख्या अंतरावर एक, दोन, तीन असे आकडे लिहा. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना त्या टाचण्यांनी बसवा, ठोकळ्यावर वजन ठेवा, एका टोकाला तुम्ही, दुसऱ्याला मुलगा, आणि एकाने आकडे मोठ्याने म्हणायचे, दोघांची तार एकाच वेळी त्या आकड्यावर यायला हवी. पट्टी फोमाच्या पुढे सेंटीमीटरभर वाढवलेली असू दे, म्हणजे तार चालत चालतच आत शिरते, दाराशी थांबत नाही. मागची कड कागदाइतकी पातळ करायचा मोह टाळा, तिथे थर्माकोल वितळून नाहीसा होतो, दोन मिलिमीटर ठेवा आणि नंतर घासा. पंख टेम्प्लेटपेक्षा थोडा बारीकच येईल कारण तार स्वतःपेक्षा रुंद वाट वितळवते, घरच्या विमानाला त्याने काही बिघडत नाही. वरखालचे जे दोन तुकडे उरतात ते फेकू नका, पंख घासताना आणि चिकटवताना तो त्यातच ठेवायचा असतो.

टोकाकडे निमुळता पंख असेल तर टोकाची तार कमी अंतर जाते, तिथे जास्त वेळ रेंगाळते आणि जास्त वितळवते. पहिल्या विमानाला सरळ आयताकृती पंख करा असं मी म्हणेन.

मुलगा बरोबर आहे म्हणून एक जोडणी सुचवतो. तारेच्या वायरीत दारावरच्या बेलचं बटण टाका, दाबलेलं असेल तोवरच तार गरम. बटण तिसऱ्या माणसाकडे द्या, घरात कोणीतरी मोकळं असतंच. कोणाचा हात सुटला, काही पडलं, की बटण सोडायचं आणि तार थोड्या वेळात गार. भाजलंच तर साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, टूथपेस्ट आणि हळद नको.

चिकटवायचं तुम्ही विचारलं नाहीत पण नीट कापलेला पंख लोक तिथेच घालवतात. फेविक्विक, रबराचा पेट्रोलसारख्या वासाचा गोंद, स्प्रे पेंट, हे तिन्ही थर्माकोल आणि डेप्रॉन खातात. अरल्डाइट किंवा साधं फेविकॉल चालतं, फेविकॉलला फोममध्ये सुकायला रात्र जाते एवढंच. आणि कापताना उडालेले दाणे ओल्या फडक्याने लगेच गोळा करा, अंगणातून वहाळात, वहाळातून समुद्रात जायला त्यांना वेळ लागत नाही, आणि ते जाळूही नका.

आता ऐलेरॉन. पंख कापला की जागा पेनाने आखून ठेवा, पण कापू नका. आधी पूर्ण पंखाला ब्राऊन टेप किंवा कागद लावून घ्या, म्हणजे कड सलग राहते आणि थर्माकोलचे दाणे दोन्ही बाजूंनी बांधलेले असतात, मग नव्या टोकाच्या पात्याने आखणीवरून कापा, पात्यानेच, तारेने नाही, टेप तारेला चिकटते. सुटलेल्या तुकड्याची पंखाकडची कड पंचेचाळीस अंशांत तिरकी करायची असते. त्यासाठी तो टेबलाच्या कडेला सपाट ठेवून लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळलेल्या ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, कटरने तिरकं कापायला गेलात तर दाणे परत उखडतील. उतार खालच्या बाजूला, वरची कड पंखाला अगदी भिडलेली, आणि वरून पारदर्शक टेपचं एकच सलग बिजागर. टेप लावताना ऐलेरॉन किंचित खाली झुकवून धरा म्हणजे ओढ बसत नाही. मग हाताने वरखाली करून बघा, खाली जाताना अडत असेल तर उतार कमी पडलाय, अजून थोडा घासा.